ज्यूंविना ज्यू टाउन, आणि आपली इस्रायल आळी

कोचीला जाऊन आलेला माणूस मट्टनचेरी या तिथल्या जुन्या भागाबद्दल दोन वाक्यं हमखास बोलतो. ‘अहो, त्या ज्यू टाउनमध्ये आता ज्यूच राहिले नाहीत,’ हे पहिलं. ‘आणि दुकानं बघावीत तर सगळी काश्मिऱ्यांची,’ हे दुसरं. सुरात थोडी हळहळ असते आणि बरीचशी फसवणूक झाल्याची भावना. पितळी मेनोरा, म्हणजे ज्यूंचा अनेक वातींचा दिवा, मात्र हाच माणूस घेऊन आलेला असतो, आणि तो शोकेसमध्ये गणपतीशेजारी मांडूनही झालेला असतो.

ज्यूंच्या नावावर ज्यू नसलेल्यांनी धंदा करावा का, असा हा प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: खुशाल करावा. राग धरायचाच असेल तर तो दुसऱ्याच गोष्टींसाठी धरायला हवा, आणि त्या गोष्टी दुकानाच्या फळीवर दिसत नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीसारख्या कोकणातल्या ज्यू खुणांवर पर्यटन उभं करायचं बोलणं आपल्याकडेही अधूनमधून होतं, म्हणून हा हिशेब आताच मांडलेला बरा.

जागा आधी नीट पाहू. मट्टनचेरीच्या राजवाड्याला लागूनच ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, 1568 मध्ये बांधलेलं. कोचीच्या राजाने वाड्याशेजारची जमीन दिली. 1662 मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, मग डचांच्या काळात ते पुन्हा उभं राहिलं. आत निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, हाताने रंगवलेल्या. बाहेरचा घड्याळाचा मनोरा 1760 सालचा. यातलं बरंच काम एझेकिएल राहाबी या डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या सावकाराच्या पैशातून झालं. त्याच गल्लीत मिरीचा वायदेबाजार होता. 1957 पासून तिथे काळ्या मिरीचे सौदे होत, दलाल ओरडून भाव पुकारत. आज ज्या गाळ्यांत शाली आणि मुखवटे टांगलेत, त्यांतले कितीतरी सुंठ, हळद आणि मिरीची गोदामं होते. दुपारी ऊन तापलं की काही भिंतींना अजून तो वास येतो, किंवा निदान तसं वाटतं.

1948 च्या सुमारास केरळात अडीच हजारांच्या आसपास ज्यू होते. 1950 च्या दशकात त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. नेगेव्हच्या वाळवंटातलं नेवातिम हे गाव त्यांनी नव्याने वसवलं. 1968 मध्ये सिनेगॉगला चारशे वर्षं झाली तेव्हा इंदिरा गांधी सोहळ्याला आल्या होत्या, टपाल तिकीटही निघालं. तोवर समाज ओसरायला लागला होता. आज ज्यू टाउनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही लोक उरलेले नाहीत.

आता काश्मिरी दुकानदार. तो परका आहे, मान्य. पण मट्टनचेरीत परका नाही कोण? गुजराती रोडवर जैन मंदिर आहे आणि सकाळी गरम फाफडा मिळतो. कच्छी मेमन आहेत. चेर्लाईला तिरुमल देवस्वम् आहे, ते पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेल्या गौड सारस्वतांचं. त्यांच्या घरात अजून कोंकणी बोलतात. सिनेगॉग बांधणारे ज्यू स्वतः स्पेन-पोर्तुगालकडून हाकलले गेलेले, आणि त्यांच्या आधीपासून राहणारे मलबारी ज्यू त्यांच्याकडे बाहेरून आलेले म्हणूनच बघत. बाहेरून यायचं, जागा भाड्याने घ्यायची, दुसऱ्याचा माल तिसऱ्याला विकायचा, हा इथला शेकडो वर्षांचा रिवाज. श्रीनगरच्या परिस्थितीला कंटाळून आलेला माणूस इथे ताऱ्याची की-चेन विकत बसतो, त्यात विसंगती शोधणाऱ्याला बंदर म्हणजे काय ते कळलेलं नाही. एक मुसलमान ज्यूंचं चिन्ह विकतो यात तर मला उलट बरंच वाटतं. जगात इतर ठिकाणी या दोघांचं काय चाललंय ते आपण रोज वाचतोच.

याच रस्त्यावर सारा कोहेन यांचं भरतकामाचं दुकान होतं. किप्पा म्हणजे ज्यूंच्या छोट्या टोप्या, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, पावावर झाकायचे रुमाल, हाताने विणलेली लेस. त्या खिडकीशी बसून असत. 2019 मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. म्हातारपणी त्यांची देखभाल केली ती एका मुसलमान शेजाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी, आणि दुकानाचा सांभाळही त्याच्याकडेच आला. ज्यू नसलेल्याने ज्यू वस्तू विकण्याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही. काय विकतोय, ते कुणी शिवलंय, कुणासाठी शिवायचे, सगळं त्याला माहीत असतं.

दुखणं सुरू होतं ते ‘अँटिक’ या पाटीपाशी.

एका दुकानात हनुका या ज्यू सणाचा दिवा होता. पितळी, आठ वाती आणि वर एक. बुडाशी हिरवट चिकट थर, कोपऱ्यात शेणखतासारखं काहीतरी लागलेलं. दुकानदार म्हणाला, ‘टू हंड्रेड इयर्स, मॅडम. ज्यू फॅमिली गेली, विकून गेली.’ कुठली फॅमिली? ‘इथलीच.’ घर कुठलं? त्याने हात हवेत फिरवला, त्यात अख्खी गल्ली आली. मी दिवा उलटा केला. आतल्या बाजूला मशीनच्या चाकाच्या ताज्या गोल रेषा होत्या, आणि हिरवा थर नखाने निघत होता. भाव मागे मागे येत एक चतुर्थांशावर आला. दोनशे वर्षं एवढ्या भराभर स्वस्त होत नाहीत.

यात गंमत अशी की तो खरं बोलत असता तर प्रकरण जास्त गंभीर झालं असतं. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू विकायला परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही. म्हणजे दिवा नवा असेल तर गिऱ्हाईक फसलं, आणि जुना असेल तर तेल अवीवच्या विमानात तो चढवणाऱ्याच्या हातून कायदा मोडला. ‘दोनशे वर्षं जुना, घेऊन जा’ या वाक्याला सरळ असा एकही अर्थ उरत नाही. तरी ते वाक्य त्या गल्लीत दिवसभर चालतं. कुणी टोकत नाही, कारण गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचं असतं. मुरादाबादहून आलेला नवा दिवा ‘नवा आहे, मुरादाबादचा आहे’ असं सांगून विकला तर काय बिघडेल? चार पैसे कमी मिळतील. पण मग एखादी वस्तू खरोखर कुणाच्या घरातून आली असेल तर तिला किंमत राहील. सगळंच जुनं म्हटलं की खऱ्या जुन्याची दखल घ्यायला कुणी उरत नाही, आणि ते गुपचूप जातं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ती कुणी विकत नाही, कारण तिला गिऱ्हाईक नाही. मट्टनचेरीची पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट अशी: राजा उदार, ज्यू सुखी, भारतात ज्यूंचा छळ कधी झालाच नाही. पोर्तुगीज वगळले तर यातलं बरंचसं खरं आहे. पण ज्यूंनी ज्यूंना काय केलं ते कुणी सांगत नाही. परदेशी सिनेगॉगच्या ‘गोऱ्या’ ज्यूंनी मलबारी ज्यूंना बरोबरीचं मानलं नाही. मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना तर सिनेगॉगच्या बाकांवर बसू दिलं जात नसे, त्यांनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसायचं. लग्नव्यवहार बंद. हे आपल्याला कुठे ऐकल्यासारखं वाटतं का? वाटायलाच हवं. मनुस्मृती न वाचताही माणसं इथल्या हवेतून काय उचलतात, त्याचा हा नमुना.

त्याविरुद्ध उभा राहिला अब्राहम बराक सालेम, त्याच वर्गातला वकील. 1929 च्या लाहोर काँग्रेसला तो हजर होता. कोची संस्थानच्या विधिमंडळात तो कामगारांच्या बाजूने बोलला. आणि आपल्याच सिनेगॉगमध्ये त्याने सत्याग्रह केला, आपल्या लोकांना आत बसायला मिळावं म्हणून. लोक त्याला ‘ज्यू गांधी’ म्हणत. हळूहळू बंधनं सैल झाली. महाडचं चवदार तळं आणि काळाराम मंदिर माहीत असलेल्या मराठी पर्यटकाला यापेक्षा जवळची गोष्ट त्या गल्लीत नाही. पण तिथल्या गाइडच्या तोंडून मी सालेमचं नाव ऐकलं नाही. फरश्या दोन सारख्या नाहीत, हे मात्र प्रत्येकाने सांगितलं.

आणि तिसरी गोष्ट, कोचीतलं ज्यूंचं सगळ्यात चांगलं दुकान ज्यू टाउनमध्ये नाहीच. ते एर्नाकुलमच्या मार्केट रोडला आहे, भाजीबाजाराच्या गर्दीत. बाहेरून ते शोभेच्या माशांचं आणि रोपांचं दुकान दिसतं. दारात कुंड्या, आत काचेच्या टाक्या, गोल्डफिश, गप्पी, पंपाचा बुडबुड आवाज, ओली फरशी. टाक्यांच्या मधून मागे गेलं की एक दार, आणि दारापलीकडे कडवुंभागम सिनेगॉग. उंच छत, लाकडी कोरीव काम, मधे पितळी कठडा, टांगलेले काचेचे दिवे. 1972 नंतर तिथली नेहमीची प्रार्थना थांबली, कारण दहा प्रौढ पुरुषांचा कोरम जमेना. राखण करणाऱ्या ज्यू माणसाने पोटासाठी पुढच्या भागात माशांचा धंदा टाकला, आणि त्या धंद्याच्या आडोशाने इमारत वाचली. अनेक वर्षांनी डागडुजी झाली, वास्तू पुन्हा उजळली.

तिथे विकायला एकही मेनोरा नाही. आमच्या बरोबरच्या मुलांनी फायटर मासा मागितला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मिळाला, आणि विमानात कसा न्यायचा यावर बराच खल झाला (शेवटी लॉजच्या मॅनेजरच्या मुलाला दिला). पण ज्यू माणूस या शहरात कसा जगला, काय विकून जगला, काय सोडलं नाही, हे मला त्या ओल्या फरशीवर जेवढं कळलं तेवढं ज्यू टाउनच्या कुठल्याही गाळ्यात कळलं नाही.

याच नावाचं दुसरं सिनेगॉग मट्टनचेरीत होतं, सोळाव्या शतकातलं. समाज गेल्यावर ते विकलं गेलं, गोदाम म्हणून वापरलं गेलं. आतलं लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे, छान जपलेलं. इमारत मात्र इथेच राहिली आणि 2019 च्या पावसाळ्यात तिचा मोठा भाग कोसळला. ज्यू टाउनच्या शोभिवंत टोकापासून चालत जायच्या अंतरावर. त्या हंगामात किती पितळी मेनोरे विकले गेले असतील, असं मनात येतं. या विक्रीतला एक पैसाही त्या भिंतीकडे जायची सोय नव्हती. माझी तक्रार इथे आहे. धंदा कुणीही करो, पण ज्या नावावर तो चालतो त्या नावाच्या वास्तूंसाठी दुकान परवान्यामागे लहानसा आकार घ्यायला कोची महापालिकेला कुणी अडवलेलं नाही. दुकानदार कुरकुर करतील. करू देत. पर्यटक का येतात हे त्यांनाही ठाऊक आहे.

केरळ सरकारने काही बाबतीत चांगलं काम केलंय, ते नाकारायचं कारण नाही. चेंदमंगलम् आणि परवूरची सिनेगॉग दुरुस्त होऊन संग्रहालयं झालीत. चेंदमंगलम्च्या अंगणात 1269 सालचा, सारा बत इस्रायल या बाईचा थडग्याचा दगड आहे, भारतातला सगळ्यात जुना ज्ञात हिब्रू लेख. तिथे गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच असाल.

खाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पाटीशिवायचा इतिहास पुष्कळ आहे. ज्यू धर्मात मांस आणि दूध एका ताटात चालत नाही. मग दाटसर रस्सा करायचा कसा? नारळाचं दूध. मलबारच्या ज्यू घरांनी तेच केलं, आणि कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घरांनीही मटणात तेच घातलं. दोन्हीकडे नारळ परसात होता. मट्टनचेरीच्या साध्या खानावळीत सकाळी अप्पम आणि नारळाच्या दुधातला स्ट्यू मिळतो, वाढणारा ख्रिश्चन असेल, स्वयंपाकी मुसलमान, आणि तो पदार्थ कोशरच्या, म्हणजे ज्यू आहाराच्या, नियमात जवळजवळ तसाच बसतो, हे तिथे कुणाच्या गावीही नसतं. उलट ज्यू टाउनच्या कॅफेत ‘ज्युइश स्पेशल’ म्हणून हमस आणि पिटा मिळतो. हमस चांगला होता. पण कोचीच्या ज्यू आजीने तो जन्मात केला नसेल. तिने आंबट मसाल्यातली मासळी केली असेल, पास्तेल, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या, तळले असतील. दुपारी आम्ही ‘कायीज’मध्ये बिर्याणी खाल्ली, बारीक तांदळाची. त्या टेबलावर मट्टनचेरीबद्दल जे ऐकायला मिळालं ते कॅफेच्या मेन्यूकार्डावर छापता येण्यासारखं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्याने मिरीचा बाजार बंद पडल्याचं दुःख सांगितलं, आणि मिरी तोलणाऱ्या हमालांची नावं त्याला अजून पाठ होती.

राहण्याचंही तसंच. फोर्ट कोचीतलं कोडर घराण्याचं लाल घर आता हॉटेल आहे. ते श्रीमंतांनी बघावं. केरळात होमस्टेला सरकार डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशी प्रतवारी देतं, पण मुख्य अट अशी की मालक त्या घरात राहत असला पाहिजे. मला ही अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. स्वस्तातल्या सिल्व्हर घरातही सकाळी चहा देणारं माणूस त्या गल्लीतलं असतं. शेजारचं घर कुणाचं होतं, ते कोणत्या साली हैफाला गेले, जाताना कपाट कुणाला देऊन गेले, हे त्याला माहीत असतं. ते कपाट अजून त्याच्याच खोलीत असतं आणि तुमचे कपडे त्यात टांगलेले असतात. त्यावर ‘अँटिक’ अशी चिठ्ठी नसते.

हे सगळं आपल्या दारात यायला फार वेळ लागणार नाही. मांडव्याला रो-रो लागते, मुंबईकर गाडीसकट अलिबागला उतरतो. नवगावला बेने इस्रायलांच्या पूर्वजांचं गलबत फुटल्याची कथा आहे, तिथे स्मारक आहे. अलिबागेत इस्रायल आळी आहे, मागेन आबोथ सिनेगॉग आहे, रेवदंड्याला बेथ एल आहे, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा खडक आहे. कोचीशी धागाही जुना आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या बेने इस्रायल तेल्यांना डेव्हिड राहाबी नावाच्या पाहुण्याने शोधून काढलं, अशी परंपरा सांगते. त्याने बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली, त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी निवडून शिजवली, बाकीची बाजूला सारली. तो राहाबी कोचीकडचा होता असं बरेच जाणकार मानतात.

पण मट्टनचेरी आणि अलिबाग यात एक मोठा फरक आहे, आणि आपलं धोरण त्यावरच ठरायला हवं. इथे माणसं आहेत. थोडी आहेत, पण आहेत. दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावाची आडनावं लावणारी, पोहे, गूळ, नारळ, फळं घालून मलिदा करणारी. इस्रायलला गेलेल्यांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. 2016 मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो काही संग्रहालयातल्या वस्तूंना देत नाहीत.

त्यामुळे मलिद्याला ‘अनुभव पॅकेज’ करण्याआधी तो कुणाच्या घरी, कुठल्या नवसासाठी होतो हे विचारावं लागेल. तो नवसाचा विधी आहे, पर्यटकांच्या तारखेला होत नाही. सिनेगॉगची वेळ, फोटोची परवानगी, शनिवारचा बंद, हे ट्रस्टी ठरवतील. पोलंडमध्ये क्राकुवच्या दुकानांत हातात नाणं घेतलेला ज्यू म्हाताऱ्याचा पुतळा मिळतो. लोक त्याचं चित्र पैसा यावा म्हणून दाराशी लावतात, शनिवारी उलटं करतात म्हणजे पैसे खाली पडतील. युद्धाआधी त्या शहरात साठ हजारांहून जास्त ज्यू होते. ते मारले गेल्यावर पुतळ्यावर आक्षेप घ्यायला गल्लीत कुणी राहिलं नाही, म्हणून तो फळीवर टिकला. अलिबागेत उद्या कुणी ‘शनवार तेली’ म्हणून मातीचं खेळणं विकायला काढलं, तर ते विकू नका असं सांगायला समोरच्या घरातून माणूस बाहेर येईल, आणि त्याचं ऐकलंही पाहिजे.

‘निवास व न्याहारी’ योजना आपल्याकडे आहेच. इस्रायल आळीतल्या किंवा किनाऱ्यावरच्या एखाद्या बेने इस्रायल कुटुंबाला खोली द्यायची असेल तर त्यांचा अर्ज आधी काढा, बाहेरच्या बिल्डरने जुनं घर विकत घेऊन त्यावर ताऱ्याची पाटी लावण्याआधी. न्याहारीला त्यांनी काय द्यायचं ते त्यांचं ते बघतील. बहुधा पोहेच असतील, आणि शुक्रवारी संध्याकाळी आलात तर ताटकळत बसावं लागेल, कारण त्या वेळी घरात दिवे लागलेले असतात आणि बुकिंगचा फोन कुणी उचलत नाही.